सत्राअखेरीचा जमाखर्च

दीपावली जवळ आली की बाजारपेठेत नव्या वह्यांची मागणी सुरू होते. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी व्यापारी चोपडीवर हळदकुंकू वाहतो आणि पाडव्याला नवे खाते उघडतो. याच सुमारास शाळांचे पहिले सत्रही संपते. मुले सहामाही परीक्षा आटोपून घरी येतात आणि घरोघर एकच प्रश्न विचारला जातो, “पेपर कसे गेले? गुण किती मिळतील?” व्यापारी आपला हिशेब देवापुढे मांडतो, मुलाचा हिशेब मात्र आपण गुणांच्या बेरजेवरच मिटवितो. त्याच्या मनाची वही कोणी उघडतच नाही.

आपल्या कोल्हापुरात सेंट झेवियर्स, होली क्रॉस यांसारख्या कॅथलिक शाळा आहेत. देवघरात नित्य नंदादीप तेवणाऱ्या कितीतरी घरांतील मुले अशा शाळांतून शिकतात. त्यांपैकी सेंट झेवियर्स ही येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा. या संघाच्या शिक्षणपरंपरेत अभ्यासाइतकेच महत्त्व आत्मपरीक्षणाला दिलेले आहे. त्याचे मूळ संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या जीवनात सापडते.

रणांगणातून अंतरंगाकडे

इग्नेशियस हे स्पेनमधील बास्क प्रदेशातील सरदार घराण्यात जन्मले. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणास खिळले असता त्यांची दृष्टी अंतर्मुख झाली. पुढे १५४० साली त्यांच्या संघाला पोपची मान्यता मिळाली आणि १५४८ मध्ये त्यांचा आध्यात्मिक साधनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम देवाने जे दिले त्याबद्दल कृतज्ञता. मग आपले दोष आपणांस दिसावेत म्हणून कृपेची याचना. त्यानंतर विचार, उच्चार व आचार यांचा आढावा. चौथी क्षमायाचना आणि अखेरीस सुधारणेचा निश्चय. एखादा दोष घालवावयाचा तर दिवसाच्या दोन रेघा आखाव्यात, दर चुकीला रेघेवर एक ठिपका द्यावा आणि आजचे ठिपके कालच्यांशी ताडून पाहावेत, असेही तेथे सांगितले आहे. ही मनाची कीर्द-खतावणीच नव्हे काय?

आधी जमा, मग नावे

या क्रमात मोठे मर्म आहे. कृतज्ञता प्रथम येते, दोष नंतर. आपण नेमके उलट करतो. मूल उंबरठ्याच्या आत येते न येते तोच त्याच्या चुका मोजू लागतो. भ्यालेले मूल चूक सांगत नाही, लपविते. आणि लपविलेली चूक सुधारत नाही. ज्याला आपल्या पदरी काय पडले हे आधी कळते, तोच आपली उणीव निर्भयपणे पाहू शकतो.

श्रद्धेचे मार्ग भिन्न आहेत, त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. परंतु पूजेच्या अखेरीस न्यूनाधिकाबद्दल क्षमा मागणाऱ्या घराला ही शिस्त परकी वाटू नये.

म्हणून यंदा लक्ष्मीपूजन झाल्यावर घटकाभर मुलांना जवळ घेऊन बसावे. या सत्रात काय लाभले, कोणी साह्य केले, हे आधी विचारावे. कोठे कमी पडलो आणि पुढे कोणती एक गोष्ट सुधारावयाची, हे मागाहून. आणि याची उत्तरे वडीलधाऱ्यांनी प्रथम स्वतःची द्यावीत.

नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना श्रीअंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी वक्षापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, अशी त्याची ख्याती आहे. वाटेत अडसर आला की ती अलीकडेच थांबतात. मुलांच्या अंतरातही प्रकाश असाच क्रमाक्रमाने चढतो. आपण केवळ वाटेतला भीतीचा अडसर दूर करावा.