नांदूर मध्यमेश्वरचे पाहुणे

थंडी पडू लागली, की अम्मी-अब्बांजवळ एक हट्ट धरा. 'एक दिवस नांदूर मध्यमेश्वरला जाऊ या,' असे त्यांना सांगा. हे ठिकाण नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. नाशिक शहरापासून ते सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने तेथे जाण्यास सर्वांत चांगले.

येथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगमाजवळ एक बंधारा बांधण्यात आला. कालव्यांनी शेतीला पाणी द्यावे, एवढाच त्याचा हेतू होता. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. पण नद्या पाण्याबरोबर गाळही आणतात. तो बंधाऱ्यामागे साठत गेला. पाणी उथळ झाले. मध्ये लहान लहान बेटे तयार झाली. त्यांवर गवत आणि लव्हाळे वाढले. पाण्यात मासे, गोगलगाई, किडे वाढले. जणू पक्ष्यांसाठी दस्तरखानच मांडला गेला!

पाणी उथळ असणे एवढे महत्त्वाचे का? तलवार बदक पाहा, म्हणजे कळेल. ते पूर्ण बुडी मारत नाही. डोके पाण्यात घालते आणि शेपटी वर करते. तळ जवळ असेल तरच त्याची चोच अन्नापर्यंत पोहोचते. थापट्या बदकाची चोच पुढे रुंद असते. ती चाळणीसारखी पाणी गाळते आणि अन्न मागे ठेवते. कमळपक्ष्याच्या पायांची बोटे इतकी लांब असतात, की तो तरंगत्या पानांवरून खुशाल चालतो. कपाळावर पांढरा चांद असलेला काळा चांदवा तर तुम्हांला लगेच ओळखता येईल.

काही पाहुणे फार दुरून येतात. पट्टकदंब नावाच्या हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तो उन्हाळ्यात लडाख, तिबेट, मंगोलिया या भागांत पिल्ले वाढवतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून इकडे येतो. त्याच्याजवळ ना नकाशा, ना तिकीट!

परत जाण्यासाठी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवावी लागते. म्हणूनच तेथे आरडाओरडा करू नये. तुम्ही टाळी वाजवली, तर थवा उडतो. दृश्य सुंदर दिसते खरे. पण प्रवासासाठी जमवलेली शक्ती त्यात खर्च होते. धाकट्या भावंडांना हे घरीच समजावून सांगा. चटक रंगाचे कपडे घालू नका. खाऊ खुशाल न्या, पण त्याची रिकामी पाकिटे परत घेऊन या. सकाळी लवकर पोहोचा. चापडगाव येथे पक्षी पाहण्यासाठी मनोरे आहेत. गावातील वाटाडेही मिळतात. त्यांची नजर फार तयार असते. आपल्याला जेथे नुसते गवत दिसते, तेथे त्यांना पक्षी दिसतो.

सन १९८६ मध्ये या जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला. थोर पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी याला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हटले होते, असे सांगतात. पुढे जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. रामसर हे इराणमधील, कास्पियन समुद्राकाठचे एक शहर आहे. पाणथळ जागा जपण्याचा करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी तेथे झाला, म्हणून हे नाव.

मात्र जो गाळ पक्ष्यांना हवा आहे, तोच माणसांना नकोसा वाटतो. गाळामुळे बंधाऱ्यात पाणी कमी मावते. मोठा पाऊस झाला, की वरच्या बाजूच्या सायखेडा, चांदोरी या गावांत पुराचे पाणी शिरते. २०१९ च्या पावसाळ्यातही तसे झाले होते. गाळ काढावा, असे गावकरी म्हणतात. सगळा गाळ काढला, तर बदकांनी चरायचे कोठे, असे पक्षिमित्र विचारतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि सोपा उपाय कोणाजवळ नाही. तेथे गेलात, की वाटाड्या काकांना पक्ष्यांची नावे तर विचाराच. पण पुराचे पाणी त्यांच्या गावात कोठपर्यंत येते, तेही विचारा.