आज्ञेने उघडणारी वही

संगणकावर काही लिहावयाचे झाले, की आपण पडद्यावरील चित्रावर टिचकी मारतो आणि मजकूर-संपादक उघडतो. त्या टिचकीमागे काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तोच संपादक लेखी आज्ञेने उघडला, तर यंत्राला आपले म्हणणे कसे कळते हे स्पष्ट दिसते. उदाहरणादाखल आम्ही लिनक्स प्रणालीवरील 'जीएडिट' हा संपादक घेत आहोत. काही संगणकांवर तो आधी बसवून घ्यावा लागतो.

'टर्मिनल' ही खिडकी उघडली, की तेथे 'शेल' नावाचा प्रोग्रॅम आपल्या आज्ञेची वाट पाहत असतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. लिनक्सची ही रीत त्याच परंपरेतून आलेली आहे.

येथे रोमन लिपीतील लहान अक्षरांत संपादकाचे नाव लिहून 'एन्टर'ची कळ दाबावी. शेलजवळ 'पाथ' नावाची एक यादी असते. ग्रंथालयातील सेवकाने ठरलेल्या क्रमाने कपाटे धुंडाळावीत, तसा तो यादीतील एकेक कप्पा पाहतो आणि त्या नावाचा जो प्रोग्रॅम प्रथम सापडेल तो सुरू करतो. एक अक्षर चुकले, किंवा लहानाऐवजी मोठे पडले, तरी आज्ञा सापडली नाही असे उत्तर येते.

संपादकाच्या नावापुढे जागा सोडून 'निबंध' असे लिहिले, तर त्या नावाची फाइल उघडते. ती नसल्यास कोरे पान समोर येते. मात्र जतन केल्यावाचून फाइल निर्माण होत नाही. फाइलचे नाव देवनागरीतही चालते. परंतु 'माझा निबंध' असे नुसतेच लिहिले, तर शेल मधल्या जागेवरून त्याची दोन नावे करतो आणि एकाऐवजी दोन पाने उघडतात. दोन्ही शब्द मिळून एकच नाव आहे, हे त्यास कळावे म्हणून ते अवतरणचिन्हांत घालावे लागते.

संपादक चालू असेतो टर्मिनल नवी आज्ञा स्वीकारीत नाही. आज्ञेच्या शेवटी सातच्या कळीवरील 'अँपरसँड' हे चिन्ह दिले, तर संपादक पार्श्वभूमीवर चालतो आणि शेल पुढील आज्ञेस मोकळा होतो. तथापि, एवढ्याने आपले लेखन सुरक्षित झाले असे समजू नये. टर्मिनलची खिडकी मिटली, तर तिच्यातून सुरू झालेला संपादकही बंद पडू शकतो, आणि जतन न केलेला मजकूर त्याबरोबर जातो. तासाभराचे श्रम क्षणात नाहीसे होण्यास तेवढे पुरे. म्हणून आधी लेखन जतन करावे, मग खिडकी मिटावी.

माणूस आपले अर्धे वाक्यही समजून घेतो. यंत्र मात्र लिहिले तेवढेच ऐकते. म्हणून 'एन्टर' दाबण्यापूर्वी आपली आज्ञा एकवार वाचून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी, असे आम्हांस वाटते.