गुप्त पंथ आणि उघडा धर्मोपदेश

आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास येते. तींत चालणाऱ्यास कोणी शपथ घालीत नाहीं. अभंग म्हणावयाचा तो भर रस्त्यांत. इतका उघडा भक्तिमार्ग ज्यांच्या दारावरून जातो, त्या आम्हां महाराष्ट्रीयांतच बंद दाराआड कानांत मंत्र घेऊन ‘घरच्यांसही सांगूं नका’ ही आज्ञा पाळणारे लोक आढळावे, हें आश्चर्य आहे. अशा गुप्त पंथांतील मनुष्यांस आपल्या धर्माची सुवार्ता कशी सांगावी, हा प्रश्न ख्रिस्ती बंधूंपुढें येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील मिशनऱ्यांनी बारामतीस ठाणें केलें. तेव्हांपासून या भागास तो परका नाहीं. आम्ही ख्रिस्ती नाहीं. तथापि प्रश्न माणसाच्या सुटकेचा असल्यामुळें त्याविषयीं दोन शब्द लिहितों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, गुप्त म्हणून तेवढें दुष्ट असें नव्हे. महानुभावांनीं आपले ग्रंथ कित्येक शतकें सांकेतिक लिपींत झांकून ठेविले, तेव्हां लोकांनीं त्यांजवर नाना कुतर्क केले. लिपी उलगडली तेव्हां लीळाचरित्रासारखें मराठी गद्याचें आद्य धन हातीं आलें. रोमन साम्राज्यांतील आरंभींचे ख्रिस्ती लोकही एकांतांत जमत, म्हणून ते बालकांचें मांस खातात अशी वदंता उठली होती. ज्यांच्या पूर्वजांनीं हा आळ सोसला, त्यांनीं दुसऱ्यावर ऐकीव आळ घेऊं नये.

आतां आमच्याच इतिहासांतील एक धडा पहा. १८४९ सालीं मुंबईस दादोबा पांडुरंग प्रभृति मंडळींनीं परमहंस सभा स्थापिली. जातिभेद मोडणें हा तिचा उद्देश. नव्या सभासदानें ख्रिस्त्यानें केलेला पाव खावा, असा तिचा नेम. हेतु थोर, परंतु सारें चोरून! १८६० च्या सुमारास सभेचीं दप्तरें चोरीस गेलीं, नांवें फुटण्याचा धाक पडला आणि सभासदांची दाणादाण उडाली. याच सभेंत बाबा पदमनजी होते. मिशनच्या शाळेंत शिकलेल्या या तरुणानें १८५४ सालीं बेळगांवास उघडपणें बाप्तिस्मा घेतला. त्यांचें मत कोणास रुचो वा न रुचो. मनांत एक आणि जनांत एक, ही ओढाताण त्यांनीं संपविली, हें मान्य केलेंच पाहिजे. पुढें १८६७ सालीं प्रार्थना समाज निघाला तोही उघड्या दारानें.

यावरून उपदेशकानें काय घ्यावें? गुप्ततेवर उतारा गुप्तता नव्हे. आपण मंदिरांत व सभास्थानांत उघड शिकविलें, गुप्तपणें कांहीं बोललों नाहीं, असें येशूनें महायाजकापुढें सांगितल्याचें योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. त्याच्या शिष्यांनीं रात्रीं, एकांतीं, आजाऱ्याच्या उशाशीं आमिष दाखवून माणूस वळविला, तर एका बुवाच्या जागीं दुसरा बुवा आला इतकेंच. दुसरें, धीर धरावा. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाई सुमारें पांच वर्षांनीं, स्वतःची खात्री पटल्यावर, त्या वाटेनें आल्या. पत्नीच्या बाबतींत जेथें उतावळी चालली नाहीं, तेथें शपथेनें बांधलेल्या परक्याच्या बाबतींत ती कशी चालेल? गुप्त पंथांतला मनुष्य बहुधा भ्यालेला असतो. पंथ सोडला तर गुरूचा कोप होईल, मूल दगावेल, अशी धास्ती त्याच्या मनांत भरलेली असते. त्यास वादांत जिंकण्यापेक्षां तो भिऊन आला असतां रात्रभर त्याच्याजवळ बसणारा मित्र अधिक उपयोगी पडेल.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. घटनेच्या २५ व्या कलमानें धर्मप्रसाराचा हक्क दिला. परंतु दुसऱ्याचें धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यांत येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ठरविलें. उलट २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी कृत्य करणाऱ्याचा धर्म विचारीत नाहीं. जेथें मारहाण, स्त्रियांची विटंबना किंवा चमत्काराच्या नांवानें लुबाडणूक चालते, तेथें उपदेशाआधीं पोलीस ठाणें गांठावें.

शेवटीं आमच्या नागरिकांस व व्यापाऱ्यांस एक प्रश्न. जो दुकानदार आपली वही कोणास पाहूं देत नाहीं, त्यास तुम्ही उधार माल देतां काय? मग जो गुरु आपली शिकवण बायकामुलांपासून लपवावयास सांगतो, त्याच्या हातीं अवघा जन्म कसा देतां? नीरेच्या कालव्याचें पाणी ज्या शेतास पोहोंचतें तेथें आणि पोहोंचत नाहीं तेथेंही आजार, कर्ज व निपुत्रिकतेचें दुःख आहे. त्या दुःखितास आम्ही आपल्या ओटीवर बसवून घेत नाहीं, म्हणून तो बंद दाराकडे वळतो. मिशनरी त्याच्याकडे जावो वा न जावो, शेजाऱ्यानें तरी गेलेंच पाहिजे.