हँड, ऑफ, ऑटो

संपादकांना हवा होता बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मराठी मंडळींवरचा लेख. गणपती, तिळगूळ, शुक्रवारी रात्री पुण्या-कोल्हापूरच्या बसला होणारी झुंबड, असा सगळा ऐवज त्यात आपसूक आला असता. पण ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाली आणि होसूर रोडवरून जाणाऱ्याला आजवर न दिसलेलं काही खिडकीतून दिसू लागलं: कचेऱ्यांच्या गच्च्या. रस्त्यावरून या इमारती म्हणजे एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा निळसर काचेच्या. गच्चीवर मात्र प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कुठे पाणी ठिबकणारे कूलिंग टॉवर, कुठे पाणी गार करणारे ट्रकएवढे चिलर, कुठे एकमेकांना खेटून उभी केलेली बाहेरची युनिटं, त्यांच्यामधून वळसे घेत गेलेले डक्ट. मराठी मंडळींचा लेख मागे पडला तो तिथे.

कागदोपत्री इतिहास लवकर आटोपतो. केऑनिक्स ही कर्नाटक सरकारची इलेक्ट्रॉनिक्स विकास कंपनी १९७६ची. तिचे प्रमुख आर. के. बालिगा यांनी कोनप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक उद्योगांची ही वसाहत मांडली. पुण्यात १९८१ साली नोंदलेली इन्फोसिस पुढे बंगळुरूला गेली आणि १९९४मध्ये तिनं मुख्यालय या वसाहतीत आणलं. मग बाकीचे आले, काच आली आणि काचेमागोमाग गच्चीवरची यंत्रं आली.

खरं तर बंगळुरू हे गाव एसीचं नव्हे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं, पेन्शनरांचं म्हणून ओळखलं जाणारं. इमारतींच्या ऊर्जासंहितेनं देशाचे जे पाच हवामान विभाग केले आहेत, त्यांत बंगळुरू समशीतोष्ण विभागात येतं. अमेरिकेत दुकानांच्या आणि शाळांच्या छपरांवर जी पेटीवजा रूफटॉप युनिटं असतात, त्यांत थंड करणारा कॉम्प्रेसर आणि गरम करणारी गॅसची भट्टी एकाच पत्र्याखाली नांदतात. इथे भट्टीला काम नाही. इथल्या इमारतीची उष्णता माणसांची, संगणकांची आणि पश्चिमेकडच्या काचेतून आत येणाऱ्या उन्हाची. जानेवारीत पहाटे बाहेर सोळा अंश असताना, अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या मजल्यासाठी वर कॉम्प्रेसर घरघरत असतो. हवा नुसती गाळून आत घेतली असती तरी पुष्कळसं काम भागलं असतं. तशी सोय केलेली असतेही पुष्कळदा. बाहेरच्या हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, असतो, त्याला मोटर असते, आणि ती मोटर कधीतरी अडकलेली असते. कॅलिफोर्नियात २००३च्या सुमारास अशा सोयी प्रत्यक्ष तपासल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त नादुरुस्त निघाल्या होत्या. डॅम्पर अडकला म्हणून कुणी तक्रार करत नाही. कॉम्प्रेसर त्याचं काम बिनबोभाट उचलतो आणि चूक फक्त बिलात उतरते.

गच्चीवर ऊर्जा-लेखापरीक्षक येतो तो हे शोधायला. आधी तो यंत्राच्या पाटीचा फोटो काढतो. उन्हानं पाटी इतकी विटलेली असते की पुष्कळदा बोटानं चाचपून आकडे वाचावे लागतात. पाटीवर लिहिलेले टन हे यंत्रानं कारखान्यात दिलेलं वचन. आज ते किती पाळतं, हा खरा प्रश्न. (हा टन बर्फाच्या जमान्यातला आहे: चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला लागते तेवढी उष्णता, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. १८३०च्या दशकात अमेरिकेतून जहाजानं मुंबईला खराखुरा बर्फ येत असे. बर्फ गेला, त्याचं माप आपण अजून सोडलेलं नाही.)

मोजायचं कसं? चिलर असेल तर पाइपाला बाहेरून अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर बांधायचा, थंड पाणी जाताना आणि परत येताना त्याचं तापमान घ्यायचं. तासाला किती घनमीटर पाणी गेलं, त्याला तापमानाच्या फरकानं गुणायचं आणि ३.०२४नं भागायचं, की टन हाती येतात. तासाला १०० घनमीटर आणि फरक तीन अंश, म्हणजे ९९ टन. सोपं दिसतं, पण मेख त्या तीन अंशांत आहे. दोन थर्मामीटरांनी मिळून ०.३ अंशांची चूक केली तर दहा टन हवेत. आणि पुष्कळ प्लँट रूममधले सेन्सर बसवल्या दिवसापासून कुणी तपासलेले नसतात. डक्टवाल्या युनिटाला पाणी नाही, तिथे हवेचा वेग मोजावा लागतो आणि कॉइलच्या अलीकडे-पलीकडे ओल्या फडक्याच्या थर्मामीटरनं आर्द्रताही. ते काम आणखी किचकट, कारण डक्टच्या तोंडाशी हवा एका कोपऱ्यात धावते आणि दुसऱ्या कोपऱ्यात मागे फिरते.

सिंगापूरनं यावर एक कडक शिस्त घालून घेतली आहे. पाण्यातून काढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज, बरोबर कूलिंग टॉवरकडे टाकलेली उष्णता. किराणा दुकानदारानं रोजकीर्द जुळवावी तसा हा ताळा. ऐंशी टक्के नोंदींत तो पाच टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे, नाहीतर तुमचे आकडे आकडेच नव्हेत. मला हा नियम फार आवडला. आपल्याकडे हरित इमारतींच्या दर्शनी भिंतीवर पितळी फलक लागतात, पण मागच्या जिन्यानं गच्चीवर जाऊन हा ताळा जुळवून दाखवणारे थोडे.

थोडे असले तरी आहेत. इन्फोसिसनं २००८ हे आधारवर्ष धरून आपल्या आवारांत जुने चिलर प्लँट उलगडून पुन्हा बांधले. कंपनीच्या स्वतःच्या अहवालांनुसार माणशी वीजवापर तेव्हापासून निम्म्याहून खाली आला. हैदराबादजवळच्या पोचारममध्ये तिनं एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीची हवेची वातानुकूलन व्यवस्था, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी खेळवून थंडावा. दोन वर्षांच्या मोजणीत दुसऱ्या भागानं ३४ टक्के कमी वीज घेतली. ती इमारत नवी होती. जुन्या गच्चीवर स्लॅब फोडून नळ्या घालता येत नाहीत. तिथे हाताशी असतो पंखा.

आणि पंख्याचं गणित असं आहे की ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थाप वाटावी. पंख्याचा वेग आणि हवा एकाच प्रमाणात घटतात, वीज मात्र वेगाच्या घनानं घटते. ५० हर्ट्‌झवरून ४०वर आणा: हवा ८० टक्के, वीज निम्मी. ३५वर आणा: हवा ७० टक्के, वीज जेमतेम एक तृतीयांश. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं, पण थोडंच. अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीनं २०१३मध्ये आठ इमारतींवरच्या ६६ रूफटॉप युनिटांची चाचणी प्रसिद्ध केली. यंत्रं जुनीच ठेवली, पंख्याला वेग बदलणारी व्हीएफडी आणि एक हुशार नियंत्रक बसवला. एक दिवस जुन्या पद्धतीनं चालवायचं, एक दिवस नव्या, म्हणजे हवामानाला दोष द्यायला जागा नाही. सरासरी बचत निघाली ५७ टक्के. सगळ्यात कमी २२, सगळ्यात जास्त ९०. कारण साधं: कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा ताजी हवा देण्यासाठी दिवसभर पूर्ण वेगानं फिरत होता.

म्हणजे गच्चीवरच्या सुधारणेचं बरंचसं पुण्य एका पेटीत आहे. पेटीच्या तोंडावर छोटा पडदा आणि त्याखाली, पुष्कळ कंपन्यांच्या व्हीएफडीवर असतात तशी, तीन बटणं: हँड, ऑफ, ऑटो. ऑटोवर असताना इमारतीचा नियंत्रण संगणक ठरवील तो वेग. हँडवर टाकलं की पेटी संगणकाचं ऐकत नाही, हातानं दिलेला वेग धरून बसते. तो बहुधा ५० असतो.

सगळ्या प्रकरणात मला गुंतवून ठेवलं ते या बटणानं. कारण ते चुकीचं नाही. सेन्सर बिघडला, संगणक बंद पडला, तर इमारत गुदमरू नये म्हणून ते हवंच. आणि ते दाबणारा माणूसही आळशी किंवा अडाणी नाही. प्लँटचा ऑपरेटर बहुधा आयटीआय झालेला, कंपनीचा नव्हे तर देखभाल कंत्राटदाराचा, पाळीवर एकटा. बेअरिंग जाणार हे त्याला आवाजावरून आठवडाभर आधी कळतं. पट्टा घसरतोय हे तो वासावरून ओळखतो. रात्री दीडला फोन येतो: चौथ्या मजल्यावर गरम होतंय. मजल्यावर कदाचित एकाच टीमनं सात टेबलं एका कोपऱ्यात आणलेली असतात, किंवा कुणी व्हेंटवर पुठ्ठा चिकटवलेला असतो. त्याला तिथवर जाऊन शोध घ्यायला वेळ नाही, आणि वरच्या पेटीवर एक बटण आहे. तो ते दाबतो. दहा मिनिटांत फोन बंद. सकाळी पाळी बदलते. पुढच्याला सांगायचं राहून जातं, किंवा तोही विचार करतो की आहे तसं राहू दे, निदान फोन तरी येणार नाही.

खोली तापली तर शिव्या त्यालाच, वीज वाचली तर शाबासकी भलत्याच विभागाला. असा हिशेब समोर असताना कुणीही हँडच दाबेल. मीसुद्धा दाबीन. खाली टेबलांच्या खुर्च्यांवर बारमाही स्वेटर टांगलेले दिसतात, ते याच हिशेबाचे. थंडी वाजली तर माणूस स्वेटर घालतो, उकडलं तर फोन करतो.

काही आवारांत यावर उपाय केले आहेत. बटण हँडवर गेलं की संगणकावर अलार्म येतो. पण त्या पडद्यावर असे अलार्म आधीच ढिगानं असतात: फिल्टर तुंबला, संवाद तुटला, दार उघडं. कुणी पेटीला कुलूप लावतं, आणि खरोखर गरज पडते त्या रात्री किल्ली सापडत नाही.

बटणापलीकडच्या अडचणी तर माणसाच्या हाताबाहेरच्या. पाणी घ्या. पाण्यानं थंड होणारा चांगला चिलर टनाला साधारण ०.६ किलोवॉट घेतो, हवेनं थंड होणारा त्याच्या जवळजवळ दुप्पट. विजेचा विचार केला तर निवड ठरलेली. पण कूलिंग टॉवरमधून दर टनामागे तासाला साडेसहा लिटर पाणी उडून जातं. तीनशे टनांचा प्लँट दहा तास पूर्ण चालला तर वीस हजार लिटर, वर क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं वेगळं. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूतल्या सरकारी बोअरवेलपैकी निम्म्याच्या आसपास कोरड्या पडल्या होत्या, आणि टँकरसाठी सोसायट्या रांगेत होत्या. मग सांडपाणी शुद्ध करून टॉवरला वापरतात. ते योग्यच, पण त्यातली पोषकद्रव्यं शेवाळ आणि जंतूंचा थर वाढवतात, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांवर पापुद्रा धरतो आणि ते ०.६ हळूहळू चढू लागतं.

पाण्याचा जाच नको म्हणून हवेचं युनिट घ्यावं, तर जागेचा प्रश्न. गच्चीवर युनिटं दाटीनं उभी केली, वर शोभेची जाळी लावली, की एकाची गरम हवा दुसऱ्याच्या पोटात जाते. कंडेन्सरला मिळणारी हवा एक अंश गरम झाली तरी कॉम्प्रेसर दोन-तीन टक्के जास्त वीज ओढतो. एप्रिलमध्ये, जेव्हा हे गाव आता पस्तिशी सहज ओलांडतं (२०१६ साली तर ३९.२ झालं होतं), तेव्हा मधल्या ओळीतली युनिटं उच्च दाबानं धडाधड ट्रिप होतात. त्यात होसूर रोडची धूळ फिनमध्ये बसलेली, आणि ती काढायला कुणी जोरदार जेट मारला की ॲल्युमिनियमच्या फिन आडव्या झालेल्या.

गॅसचंही तसंच. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनमुळे जाणारच आहे. त्याची जागा घेतलेला आर-४१०ए तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून भारी, आणि किगाली दुरुस्तीनुसार भारतात २०३२पासून अशा वायूंची कपात सुरू व्हायची आहे. आज बदललेलं यंत्र त्या कपातीच्या ऐन काळात मध्यमवयीन असेल.

आणि मालकी. भाड्याच्या आयटी पार्कात चिलर विकासकाचा, बिल भाडेकरूचं. चांगल्या यंत्राचा जादा पैसा एकानं घालायचा आणि बचत दुसऱ्यानं खायची, तर पहिला कशाला घालील? भाडेकरूचा करार पाच-सात वर्षांचा, यंत्राचं आयुष्य वीस. म्हणून बदल होतो तो ठरवून नव्हे, एप्रिलमध्ये कॉम्प्रेसर जळल्यावर. खाली चारशे माणसं बसलेली असतात, मोजायला, ताळा जुळवायला, मजल्याला खरोखर किती टन लागतात ते पाहायला कुणाला सवड नसते. आठवड्यात यंत्र हवं असतं. ऑर्डर त्याच दिवशी निघते आणि तिच्यात टनांचा आकडा त्या विटलेल्या पाटीवरून जसाच्या तसा उतरवलेला असतो.