प्रकाशाने शैवालाचा बंदोबस्त

मलकापूरहून आंबा घाट उतरून गेले, की पुढे रत्नागिरी आणि समुद्र लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर कधी कधी रात्री लाटा निळ्या चमकतात. हा प्रकाश 'नॉक्टिल्युका' नावाच्या सूक्ष्म जीवांचा असतो. अशा जीवांना सामान्यपणे सूक्ष्म शैवालांत गणतात.

जमिनीवर गवताचे जे काम, तेच समुद्रात शैवालाचे. त्यावर मासे जगतात. मग ते घातक कसे ठरते? सांडपाणी व खते पाण्यात मिसळली, की काही शैवाले झपाट्याने वाढतात. ती मरून कुजू लागली, की पाण्यातील ऑक्सिजन कमी होतो आणि मासे गुदमरतात. काही जाती विषारी असतात. त्यांचे विष कालवे व तिसऱ्या यांच्या शरीरात साठते. त्यांतील काही विषे शिजवूनही नाहीशी होत नाहीत. खाणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो.

ही शैवाले जहाजांतूनही प्रवास करतात. रिकामे जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात सोडते. हे पाणी स्वच्छ करूनच सोडावे, असा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला. तो 2017 पासून अमलात आला.

पाणी स्वच्छ करण्याचा एक मार्ग प्रकाशाचा आहे. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. त्यावर अतिनील किरण पडले, की पाण्यापासून 'हायड्रॉक्सिल' नावाचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात. ते क्षणभरच टिकतात. पण तेवढ्यात शैवालाच्या पेशींचे आवरण फोडतात. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र खर्च होत नाही. प्रकाश आणि या पदार्थाची पाण्यावरील क्रिया जपानचे शास्त्रज्ञ फुजिशिमा व होंडा यांनी 1972 मध्ये जगापुढे मांडली.

मग हा उपाय साऱ्या समुद्रावर का करू नये? कारण हे कण शत्रू-मित्र ओळखत नाहीत. ते उपयुक्त शैवालही मारतील. शिवाय अतिनील किरण गढूळ पाण्यात फार खोल जात नाहीत. म्हणून ही युक्ती टाकीतच शोभते. समुद्रासाठी खरा उपाय एकच, घाण पाण्यात जाऊ न देणे.

आपली कडवी नदी वारणेला मिळते, वारणा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्र आपल्यापासून दूर असला, तरी आपण नदीत टाकलेली घाण त्याच्याच वाटेला लागते.

स्वाध्याय
1. शैवालामुळे मासे का मरतात?
2. प्रकाशाचा उपाय उघड्या समुद्रात का चालत नाही?