स्टोइक नीतिविचारातील भूमिकांतर

नवी भूमिका जुन्या भूमिका पुसून येत नाही. पुत्र पिता झाला तरी पुत्र राहतोच. अशा स्थित्यंतरात स्टोइक पंथ केवळ निमूट सहनशीलता शिकवितो, हा रूढ समज मूळ ग्रंथांच्या कसोटीस उतरत नाही.

ऱ्होड्सच्या पनेटियसचा यासंबंधीचा विचार सिसरोच्या इ. स. पू. ४४ मधील ‘दे ऑफिकीस’ या ग्रंथातून ज्ञात होतो. लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे मूलतः नटाचा मुखवटा. असे चार मुखवटे प्रत्येकाला असतात: मानवमात्रास समान असलेली विवेकशक्ती, व्यक्तीचा विशिष्ट स्वभाव, योगायोगाने लाभलेली परिस्थिती आणि स्वेच्छेने पत्करलेला जीवनक्रम. नवे नाते वा पद तिसऱ्या अथवा चौथ्या कोटीत मोडते. पहिल्या दोहोंशी त्याचा मेळ राखणे, हेच औचित्य होय.

हा मेळ कोठे बिघडतो, हे एपिक्टेटसच्या एका संवादात दिसते. मुलीचे आजारपण पाहवेना म्हणून एक अधिकारी घर सोडून गेला व ती बरी झाल्याचे कळेपर्यंत परतला नाही. हे पितृप्रेमच होय, असे त्याचे म्हणणे. त्यावर एपिक्टेटस विचारतो की, आई व दाई यांचेही तिच्यावर प्रेम होते. त्याही निघून गेल्या असत्या तर ते योग्य ठरले असते काय? त्याच्या मते, त्या पित्याला घराबाहेर नेले ते दुःखाने नव्हे, तर ‘असे करणे योग्य’ या त्याच्या स्वतःच्या निर्णयाने. म्हणून सुधारावयाचा तो निर्णय.

मार्कस ऑरेलियसपुढील अडचण उलट स्वरूपाची होती. इ. स. १३८ मध्ये तो दत्तक गेला आणि १६१ मध्ये सम्राट झाला. येथे भूमिकेपासून पळण्याचा नव्हे, तर भूमिकेने माणसालाच गिळून टाकण्याचा धोका होता. राजदरबाराला तो सावत्र आईची व तत्त्वज्ञानाला सख्ख्या आईची उपमा देतो. पहिलीचा मान राखावा, परंतु विसाव्यासाठी वारंवार दुसरीकडे परतावे, असा त्याचा आशय आहे.

तथापि एक प्रश्न उरतो. भूमिकेच्या नावातच कर्तव्य सुचविलेले असते, असे एपिक्टेटस मानतो. परंतु त्या नावाला अर्थ देतो तो समाज, आणि त्याच समाजाने स्वतः एपिक्टेटसला ‘दास’ हे नाव दिले होते. अशा वेळी निर्णायक ठरावी ती पहिली भूमिका, म्हणजे विवेकशील मनुष्याची. तिच्याशी विसंगत ठरणाऱ्या भूमिकेशी जुळवून घेणे हे कर्तव्य ठरू शकत नाही.