घोड्यावर गिटार, मग लगाम कुणाकडे?

मुलांनो, ऑगस्टमधली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, मैदानावर तळं साचलेलं आणि नेमका खेळाचा तास! अशा वेळी चौथीच्या वर्गाला गप्प बसवणं म्हणजे काय, ते तुमच्या बाईंना विचारा. मी आपला वर्गातल्या पडद्यावर एक जुना कृष्णधवल अमेरिकन सिनेमा लावला. मोठ्या टोपीवाला एक रुबाबदार माणूस घोड्यावरून येतो, गिटार छेडतो आणि चक्क गाऊ लागतो. त्याचं नाव जीन ऑट्री.

दोन मिनिटं शांतता. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, दोन्ही हात गिटारवर, मग लगाम कुणाच्या हातात?"

सगळा वर्ग हसला. मलाही उत्तर येईना. "उद्या सांगते," म्हटलं आणि घरी जाऊन वाचत बसले. वाचता वाचता पार दीडशे वर्षं मागे गेले.

काउबॉय म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पिस्तूल येतं ना? पण सरळ मराठीत काउबॉय म्हणजे गुराखी! १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरं उदंड होती. तिथे तीन-चार डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेकडे तीस-चाळीस डॉलरला विकलं जाई. पण न्यायचं कसं? रेल्वे होती दूर कॅन्सासमध्ये. मग दोन-अडीच हजार गुरांचा कळप, सोबत दहा-बारा गुराखी, आणि शेकडो मैलांची पायपीट. दिवसाला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. दोन-तीन महिने हेच.

खरी परीक्षा रात्री. एवढी गुरं उघड्या माळावर बसलेली. वीज कडाडली की कळप बुजायचा आणि उधळायचा. त्याच्या वाटेत जो सापडेल तो गेलाच म्हणून समजा. म्हणून दोघे जण घोड्यावरून कळपाभोवती उलटसुलट दिशांनी फेऱ्या घालत आणि हलक्या आवाजात गात राहत. आवाज ओळखीचा असला की गुरं निवांत रवंथ करत. म्हणजे गाणं खरं होतं, बरं का! गिटार मात्र नव्हती. एक हात लगामावर हवाच ना!

पुढे काटेरी तारांची कुंपणं आली, रेल्वेही जवळ आली आणि पंचवीसेक वर्षांत ती लांबची वाटचाल संपली. उरल्या त्या आठवणी. त्यांना गिटार दिली सिनेमानं.

जीन ऑट्रीचा जन्म टेक्सासचा, १९०७ सालचा. तरुणपणी तो रेल्वेत तारबाबू होता. रात्रपाळीला वेळ जाईना म्हणून गिटार वाजवत बसे. मग रेडिओ, मग रेकॉर्डी आणि १९३५ पासून स्वतःचे सिनेमे. तासाभराचा सिनेमा. गुंड येणार, मारामारी होणार, मधेच चार-पाच गाणी होणार आणि शेवट गोड होणार. लोकांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं, की १९४१ साली ओक्लाहोमातल्या एका गावानं आपलं नाव बदलून 'जीन ऑट्री' ठेवलं! युद्धकाळात तो हवाई दलात गेला आणि मालवाहू विमानं चालवू लागला.

त्याचा जोडीदार म्हणा की स्पर्धक म्हणा, रॉय रॉजर्स. हा मुळात बुटांच्या कारखान्यात काम करणारा मुलगा. त्याच्या सोनेरी घोड्याचं नाव ट्रिगर. सिनेमात घोड्यालाही मालकाइतकाच मान. (त्याच सुमारास, १९३५ साली, आपल्या मुंबईत 'हंटरवाली' निघाला होता. त्यात नादियाच्या घोड्याचं नाव होतं 'पंजाब का बेटा'!) ट्रिगर इतका शिकवलेला होता, की साध्या खुणेवर मागच्या पायांवर उभा राही. मिळालं लगामाचं उत्तर? तो खोगिरावर टाकलेला, आणि घोडा आपला शहाण्यासारखा चालतोय. शिवाय गाणं बरेचदा स्टुडिओत आधीच रेकॉर्ड केलेलं असे. पडद्यावर नुसते ओठ हलवायचे.

तिकडच्या शाळकरी मुलांचा शनिवार या सिनेमांचा असे. दहा सेंट घेऊन दुपारी थिएटरात शिरायचं आणि बाहेर आल्यावर काठीचा घोडा करून अंगणभर उधळायचं. ती मुलं पुढे आजी-आजोबा झाली, तरी त्या शनिवारांच्या आठवणीनं हळवी होत. टीव्ही आल्यावर पन्नाशीच्या दशकात हे सिनेमे संपले. १९९८ साली तीन महिन्यांच्या आत रॉय आणि जीन दोघेही गेले. ट्रिगर तर १९६५ सालीच गेला होता. रॉयनं त्याचं कातडं घोड्याच्या साच्यावर चढवून, मागच्या पायांवर उभा करून तो संग्रहालयात ठेवला होता. पण त्याला ओळखणारी माणसंच कमी होत गेली. संग्रहालय बंद पडलं आणि २०१० साली न्यूयॉर्कला ट्रिगरचा लिलाव झाला. दोन लाख सहासष्ट हजार पाचशे डॉलर! हे वाचून मला उगीचच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. ऑट्रीनं आपल्या छोट्या प्रेक्षकांसाठी काउबॉयचे दहा नियम ठरवले होते, तेही सांगितले. दिलेला शब्द मोडायचा नाही, लहानांशी, म्हाताऱ्यांशी आणि जनावरांशी मायेनं वागायचं, वंशावरून किंवा धर्मावरून कुणाचा दुस्वास करायचा नाही, असे ते नियम.

आणि इथेच एक गोम आहे. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना गोऱ्यांच्या शेजारी बसून सिनेमा पाहता येत नसे. त्यांची थिएटरं वेगळी. तिथेही पडद्यावर नायक गोराच. खऱ्या गुराख्यांत तर काळे लोक पुष्कळ होते. इतिहासकारांचा अंदाज चारांत एक असा आहे. मेक्सिकन तर याच धंद्यातले गुरू! सिनेमानं हे सगळे पुसून टाकले.

हर्ब जेफ्रीज नावाच्या गायकाला ही गोष्ट खटकली. त्यानं खटपट करून निर्माता मिळवला आणि १९३७ साली 'हार्लेम ऑन द प्रेअरी' हा सिनेमा आला. त्यात नायक काळा, टोपी पांढरी, घोडा ऐटबाज आणि गाणारा स्वतः जेफ्रीज! १९३९ पर्यंत त्याचे असे आणखी सिनेमे निघाले. ते बघून बाहेर पडलेल्या मुलांना काठीच्या घोड्यावर बसताना कसं वाटलं असेल?

हे सांगता सांगता माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं आणि मी अडखळले. तिथे आमच्या वर्गातला सगळ्यात गोड गळ्याचा मुलगा बसतो. गेल्या स्नेहसंमेलनात मी एक नाटुकलं बसवलं होतं. राजपुत्राचं गाणं त्यानं म्हटलं, पण पडद्यामागून. रंगमंचावर ओठ हलवणारा राजपुत्र दुसराच होता, गोरागोमटा. असं का केलं, तर त्याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते चांगलं नाही. टाळ्या पडल्या तेव्हा तो विंगेत उभा राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.

मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं. "गेल्या वर्षी माझं चुकलं रे," म्हटलं. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, यंदा घोडा असेल?"

यंदा घोडा आहे. पुठ्ठ्याचा, सुतळीच्या आयाळीचा. त्यावर बसून कोण गाणार, तेही ठरलंय. गिटार त्याच्या मामानं कुठूनशी मिळवलीय. तालमीत तो दोन्ही हातांनी ती धरतो आणि घोडा दर वेळी घसरून खाली येतो. लगामाचं काहीतरी करायला हवं. तुम्हांला काही युक्ती सुचली तर कळवा.